रिकामा न होणारा पेला

नळीत फुंकताच होशिनाला कळलं, काहीतरी बिनसलंय. एरवी शून्य दाखवून गप्प बसणारं, श्वासातली दारू मोजणारं यंत्र आज किंचाळलं. ०.०८.

जपानमधल्या निइगाताच्या डोंगरातल्या त्या बस डेपोत गाडी काढण्याआधी साहेबांसमोर फुंकावंच लागे. रस्त्यावरच्या पोलिसाची मर्यादा ०.१५; एवढ्या आकड्यावर त्याने सोडून दिलं असतं. डेपोत मात्र शून्य म्हणजे शून्य. आणि आज होशिनाची शेवटची फेरी होती. वरच्या गावात मोजकीच माणसं उरली, म्हणून उद्यापासून मार्ग बंद. केस काळे होते तेव्हापासून त्या मार्गावरची गाडी त्यानेच चालवली होती.

"साहेब, डोकं एकदम साफ आहे हो. रात्रभर झोपलो, सकाळी गरम पाण्यात डुंबलो, सूप प्यायलो."

"झोपून डोकं साफ होतं, रक्त नाही," आइझावासाहेब म्हणाले. "उलट झोपेत दारू आणखी सावकाश उतरते. शिकवलं होतं ना? किती प्यालात काल?"

काल या मार्गाच्याच निरोपाची मेजवानी होती. तिथे स्वतःच्या हाताने कुणी ओतून घेत नाही. शेजारचा ओततो, आणि एक घोट घेतला की पुन्हा काठोकाठ भरतो. पेला रिकामाच होत नाही, तर मोजायचं काय? होशिनाने पेल्यावर तळहात ठेवला होता. "अहो, नव्या नवरीसारखं लाजताय काय! माझ्या हातची नको?" असं म्हणत तो हात बाजूला सारणारे हेच साहेब होते.

"किती ते तुम्हालाच ठाऊक, साहेब. ओतत तुम्ही होतात."

"आपलं माप आपल्याला कळायला हवं, होशिनासान."

होशिनाने यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "मग आता तुम्ही फुंका."

"मला कुठे गाडी चालवायचीय?" म्हणत साहेबांनी किल्ली कुबो या तरुण चालकाच्या हातात दिली.

कुबो दुपारी परतला तो खाली मान घालून. "वरच्या थांब्यावर सगळं गाव उभं होतं, दादा. होशिना कुठाय, म्हणून विचारत होते. ताप आलाय म्हणालो." मग त्याने फडक्यात बांधलेली बाटली पुढे केली. "सगळ्यांनी मिळून दिलीय. तुमच्यासाठी."

तांदळाची दारू. त्यांच्याच शेतातल्या तांदळाची.

"वा!" साहेब टेबलामागून उठले. "संध्याकाळी उघडू या. मी ओततो."

होशिनाने गाठ सोडली नाही. बाटली छातीशी धरून तो अंगणातल्या रिकाम्या गाडीत चढला आणि उतारूसारखा मागच्या बाकावर जाऊन बसला.