पिवळ्या झाकणाच्या डब्यात सापडलेली कंपनी

मीनल, ये गं अशी, बस माझ्याजवळ. आणि तो फोन आधी उलटा ठेव. गेल्या पाच आठवड्यांत तीनदा फोन केला तुला, तिन्ही वेळा एकच उत्तर, "मावशी, शिफ्टला निघालेय." म्हणून आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीतून रागावते, चारचौघांत रागावलं की मुलं ऐकतात. परवा तुझा मेसेज आला, "आईच्या त्या नव्या कंपनीचे शेअर्स विकून टाकते, it's just paperwork." अगं, निदान त्या कंपनीचं आलेलं पाकीट तरी उघडायचं होतंस!

वाचणाऱ्यांना सांगते, मीनल ही माझ्या शरयूची लेक, सिडनीला वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये असते. आणि शरयू म्हणजे इथली, क्रेगीबर्नची माझी शेजारीण. चहाला येते म्हणाली होती त्या दुपारी. चार वाजले, साडेचार झाले... मग मीनलचाच फोन. भाजी घेता घेता दुकानात कोसळली ती उठलीच नाही, हॉस्पिटलने आधी लेकीला कळवलं होतं. "मावशी, आई..." एवढंच बोलली पोर. रडून झालंय माझं. आता मला शरयू सांगायचीय, आणि ती सांगायला बसले की हसूच येतं बाई.

अकरा वर्षं ती एका मोठ्या कंपनीच्या गोदामात पॅकिंगला होती. उभ्याने. काम सुटलं तेव्हा साठवलेल्या पैशातून तिने त्याच कंपनीचे शेअर्स घेतले, मलाही घ्यायला लावले. म्हणाली, "जिथे उभी राहिले तिथली चिमूटभर मालकीण तरी होऊ दे!" कंपनीचं सगळंच होतं, शेतं, दुकानं, गोदामं. मग एक दिवस कळलं, गोदामं वेगळी काढून त्यांची स्वतंत्र कंपनी करणार. घरी हे जाडजूड पुस्तक आलं. मी ते टीव्हीखाली सारलं. शरयूने प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचलं, आणि सकाळी सातला माझ्या दारात! "अगं, आपल्याला मत द्यायचंय! दर चार जुन्या शेअरमागे एक नवा, आपोआप. भाऊ वेगळे निघाले, पण आपण दोन्ही घरांचे वाटेकरी!" घरात लग्न निघाल्यासारखी नाचत होती.

कंपनी वेगळी झाली आणि जुन्या शेअरचा भाव धाडकन खाली आला. मी दहा दिवस कुढत बसले, यांनासुद्धा बोलले नाही. शेवटी एका सकाळी शरयूसमोर फुटले, "बुडालो गं आपण!"

"बुडालो कशाने? गोदामं बाहेर गेली, तेवढा भाव उतरणारच. ती दुसऱ्या नावाने तुझ्याकडेच आलीत की. पत्र कुठाय?"

"कसलं पत्र?"

"नव्या कंपनीचं!"

आमच्या लेकाने पढवून ठेवलेलं, अनोळखी नावाचं काही आलं की स्कॅम समजायचं, थेट रद्दीच्या, पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये. मी आज्ञाधारक! आणि नेमका बिन रिकामे करायचाच दिवस, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळलेली. धावलो दोघी. शरयू कमरेपर्यंत बिनच्या आत, मी तिचा कुडता धरून उभी. ड्रायव्हरने गाडी थांबवली, "You right, ladies?" आतून आवाज आला, "My company is inside, mate!" तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला, पण थांबला हो बिचारा. दुधाच्या खोक्याखाली सापडलं पाकीट.

घरात आल्यावर ही शांतपणे सांगते, "पत्र गेलं असतं तरी शेअर्स गेले नसते. फोन केला की भागधारकाचा नंबर परत मिळतो."

"मग धावलीस कशाला, म्हातारे?"

"अकरा वर्षं उभी राहिले गं तिथे... कचऱ्यात कशी जाऊ देऊ?"

मग पेन्सिल घेऊन बसली. फुकट काही मिळालेलं नाही, जुनं होतं तेच दोन जागी झालं, हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. जुन्या खरेदीची किंमत दोन्ही कंपन्यांत कशी वाटायची, टॅक्सला ती लागते, तेही लिहून दिलं. पुढे नव्या कंपनीचा भाव घसरला. ज्यांना ती नकोच होती ते मोठे गुंतवणूकदार विकून मोकळे होत होते. मी घाबरले की म्हणायची, "विकायचं तर विकू. पण वाचून विकू, घाबरून नाही."

म्हणून मीनल, विकू नकोस असं मी म्हणत नाही. तुझी आईही म्हणाली नसती. पण माझ्या फ्रीजवर तिच्या हातचा एक कागद आहे, शेवटच्या आठवड्यात इथेच बसून लिहिलेला. नव्या कंपनीच्या सभेत विचारायचा प्रश्न. "पॅकिंगच्या लाइनवर बायकांना बसायला स्टूल का नाही?" म्हणाली होती, "मोठ्या कंपनीत हा प्रश्न शेतांखाली गाडला गेला असता. आता यांचा धंदाच गोदामांचा, उत्तर द्यावंच लागेल." पण सभेत प्रश्न भागधारकच विचारतो गं, आणि तिच्यानंतर तो हक्क तुझा. शेअर्स तुझ्या नावावर करायचा फॉर्म मी आणून ठेवलाय, सह्यांच्या जागी खुणा केल्यात. सभा पुढच्या महिन्यात आहे आणि इंग्रजी तुझं फर्डं. दोन दिवस सुट्टी टाक, बाळा... ये लवकर.