गहूकाकांची उसनी थंडी

रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे जरा कुठे गारवा पडला की आम्ही कानटोप्या शोधायला लागतो. शेजारचे निवृत्त गहूकाका तेव्हा बनियनवर अंगणात उभे राहून दात घासायचे आणि मधल्या दगडी गडग्यापलीकडून मला ऐकवायचे, "बाळू, याला थंडी म्हणतात होय रे? हा नुसता वारा!" मला अस्सा राग यायचा. माझा बर्फाचा आणि मासे गोठवायचा कारखाना आहे. थंडी हा माझा धंदा, आणि हा शेजारी मला थंडी शिकवणार!

पण शिकवायचा हक्क त्यांचाच होता. हिमाचलातल्या एका गहू संशोधन केंद्रात त्यांनी उभी हयात काढली होती. गहू थंडी सोसतो म्हणजे नेमकं काय करतो, हा त्यांचा विषय. काकू इथे घर, कलमं आणि सासूबाईंना सांभाळत राहिल्या, आणि काका आंब्याच्या दिवसांत पाहुण्यासारखे यायचे. आमच्या भातखाऊ गावाला गव्हाचं काय कौतुक? लोकांनी त्यांना गहूकाका करून टाकलं. निवृत्त होऊन ते कायमचे आले आणि वर्षाच्या आत काकू गेल्या. सबंध संसारात दोघं सलग एका छपराखाली राहिली ती तेवढीच.

त्यानंतर काही दिवसांनी काका कारखान्यात आले. हातात एक कापडी पिशवी. "तुझ्या थंड खोलीत मला एक कोपरा दे. थोडी थंडी उसनी हवी आहे." पिशवीत त्यांनी स्वतः तयार केलेल्या वाणाचं बी होतं. हा वाण कडाक्याचा बर्फ सोसेल असं त्यांचं म्हणणं. पण ते पडताळून बघायच्या आधीच नोकरी संपली आणि केंद्राने ते काम गुंडाळलं. "एकदा बघायचंय रे," ते म्हणाले. "हिला इथे एकटी टाकून मी तिथे काय केलं, ते मला तरी कळू दे."

मी नाही कसा म्हणणार? सुरमईच्या खोक्यांशेजारी गव्हाचे ट्रे लागले, वर एक ट्यूबलाईट टांगली. काका पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावून रोज यायचे आणि मला चिडवायचे, "तुझे मासे मेल्यावर थंडीत येतात, माझा गहू जगायला आलाय."

कामगारांशी त्यांचं छान जमलं. बहुतेक बंदरावर वाढलेले, म्हणून काकांनी त्यांना होडी, खलाशी आणि त्यांचा म्होरक्या तांडेल अशा त्यांच्याच भाषेत समजावलं. "रोपाच्या आत जनुकं असतात. त्यातलं एक तांडेल. पहिला गारवा लागला की तांडेल जागा होतो आणि बाकीच्या खलाशांना हाका मारतो, उठा रे, साखर साठवा, पाणी आवरा, मोठी थंडी येतेय. पण त्याला वेळ द्यावा लागतो. एकदम बर्फात टाकलंत तर तांडेल उठायच्या आत होडी बुडते." म्हणून रोपं आधी बरेच आठवडे थंड खोलीत राहणार होती, मग मासे गोठवतो त्या फ्रीझरमध्ये, आणि मग बाहेर काढून बघायचं, जगतात का.

मधेच काका भाचीच्या लग्नाला दापोलीला गेले आणि तिथेच चार दिवस राहिले. परत आल्यावर रोपं फ्रीझरमध्ये गेली. बाहेर काढली तेव्हा उकडलेल्या पालेभाजीसारखी लोळागोळा झाली होती. एकही उठलं नाही. काका वाकून एकेक रोप बोटाने उचलून बघू लागले. तेवढ्यात आमचा सखाराम, संगमेश्वराकडचा जुना माणूस, रडायलाच लागला. "शेट, माजी चूक झाली. काका नव्हते तवा रोपां गारठलीवती वो. मना दया आली, म्हनून उनात ठेवलीवती. काका यायच्या आदी परत आत नेली."

मी सखारामवर असा तडकलो की विचारू नका. काकांनी माझा दंड धरला. "ओरडू नकोस. मायेने केलंय त्याने. थंडीला सरावलेल्या गव्हाला मधेच ऊब मिळाली की तांडेल झोपी जातो. रोप निर्धास्त होतं. मग जी थंडी त्याने सहज सोसली असती, तीच त्याला मारते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं तरी दुसरं काय झालं? तिथे इतकी वर्षं एकटा राहिलो, हाताने पोळ्या लाटल्या, कधी काही वाटलं नाही. इथे वर्षभर हिच्या हातचं आयतं जेवलो, आणि आता संध्याकाळी घरात पाऊल टाकवत नाही रे."

त्याच दिवशी मी त्यांना ओढत घरी जेवायला नेलं. सुमनने, माझ्या बायकोने, फणसाची भाजी केली होती. काका मागून मागून जेवले. निघताना म्हणाले, "सूनबाई, फार दिवसांनी असा जेवलो. पण आता पुन्हा बोलावू नकोस हो." सुमनला वाटलं, भाजीत मीठ जास्त पडलं. ती रुसून बसली. खरं काय ते तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

पावसाळा सरल्यावर काका उरलेलं बी घेऊन हिमाचलला गेले. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने जमिनीचा तुकडा दिला होता. गाडी हलली तेव्हा मी "लवकर या" म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

होळीच्या सुमारास फोन आला. "बाळू, जगला! बर्फ वितळला आणि सगळा वाफा उभा आहे बघ!" मी कारखान्यात ओरडलोच. पेढे मागवले, पहिला सखारामला दिला, त्याने तो डोळ्यांना लावला. मी फोनवर म्हटलं, "काका, झालं ना मनासारखं? आता या परत. आम्ही आहोत इथे सगळे."

"नको रे," ते म्हणाले. "आत्ता कुठे एकटं राहणं पुन्हा अंगवळणी पडतंय."

आणि मग ते तिथल्या बर्फाबद्दल अगदी आनंदाने सांगत बसले. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि त्याच वेळी मायाही दाटून आली.