तिसऱ्या डब्यातला नावाडी

भीतीचा एखादा सिनेमा सांगा, असं शेजारची कॉलेजात जाणारी मुलं अजूनही मला विचारतात. मी सांगते आणि ती नाराज होतात. त्यांना हवी असतात कुरकुरणारी दारं, पांढरी साडी आणि वाऱ्याने विझणारी मेणबत्ती. ज्या सिनेमात भूत धड दिसतं तो निम्मा तिथेच फुकट गेला, असं माझं ठाम मत आहे. पण ऐकतो कोण!

एक होता थंड मुलखातला. घराच्या वरच्या खोलीत भाडेकरू येतो आणि सिनेमाभर तो एकदाही दिसत नाही. फक्त एक पाय ओढत चालल्याचा आवाज वरून येत राहतो, आणि शेवटाला घरातली सगळी माणसं, अगदी लहान पोरगीसुद्धा, एक पाय ओढत चालायला लागलेली असतात. दुसरा होता उसाच्या मळ्यांच्या देशातला. मजुरांच्या बायका रोज एक ताट जास्तीचं वाढतात आणि कोणासाठी ते कोणी विचारत नाही. या सिनेमांची नावं कोणी घेत नाही. मलाही सांगता येत नाहीत, कारण डब्यांवरची अक्षरं परकी असायची आणि आम्ही आपसात 'तो भाडेकरूचा', 'तो ताटाचा' असंच म्हणायचो. कुठे मिळाले तर जरूर पाहा.

तिसरा नावाड्याचा. तो सांगायचा तर आधी माझ्या भावाचं सांगावं लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही प्रताप नगरात राहायचो; वडील, मी आणि माझ्याहून लहान भाऊ. मी सदर भागातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते आणि तिथल्याच एका फिल्म सोसायटीची सभासद. सोसायटी म्हणजे भाड्याचा हॉल, एक प्रोजेक्टर, आणि दाढीवर हात फिरवत बोलणारे पाचपन्नास लोक. वडील कापडगिरणीत होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा रिकामा केला. देव गेले, त्यांच्यामागून भुतंही गेली. आमच्या घरात भुताची गोष्ट सांगायची सोय नव्हती. "देवच नाई तं भूत कुठून आणता?" एवढं विचारून ते विषय संपवत. आम्ही लहान असताना आई वारली, तेव्हाही ते रडल्याचं मला आठवत नाही. भाकरी थापायला शिकले आणि कामावर जात राहिले.

भावाचं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोच त्याची बायको काविळीने गेली. गोड पोरगी होती. घरात आली तेव्हापासून आमच्या तिघांच्या मुक्या घरात बोलणं सुरू झालं होतं, ते एकदम थांबलं. भाऊ जेवेना, कामावर जाईना. अंगणात फाटकाकडे तोंड करून बसायचा. मी मायेने बोलले, चिडून बोलले, एकदा तर ताट आपटलं. काही उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी मी त्याला ओढतच सोसायटीत नेलं. भाडेकरूचा सिनेमा होता. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "ताई, तो वरचा माणूस वाईट नव्हता वं. त्याले एकटं वाटून राह्यलं होतं." कित्येक आठवड्यांतलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य. मला रिक्षातच रडू फुटलं. त्यानंतर मी त्याला एकही सिनेमा चुकू दिला नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी ती होती.

पण भावाने मधल्या काळात स्वतःची वेगळी काडी शोधली होती. पारशिवनीच्या पलीकडे एका खेड्यात एक भगत होता. भाऊ रविवारी एसटीने त्याच्याकडे जायचा आणि मला वाटायचं मित्राकडे जातो. एक दिवस तो स्वतःच मला सांगायला आला. चेहऱ्यावर उजेड होता.

"ती नदीच्या पल्याड उभी आहे ताई. मले हाका मारून राह्यली. मलेबी ऐकू येते."

"कोण म्हणालं?"

"भगत म्हणाला. अमावास्येले नदीत उतरायचं, मागं वळून पाहाचं नाई. मंग ती भेटते."

माझ्या भावाला पोहता येत नव्हतं.

मी त्याच्या पाया पडले. मोठी बहीण लहान भावाच्या पाया पडते हे बरं दिसत नाही, पण पडले. वडिलांना सांगते म्हणून धमकी दिली, तर तो म्हणाला, "सांग ना. बाबा घराबाहेर काढतीन. मले कुठं राहाचं आहे घरात?" हे खरंच होतं. मुलगा भगताकडे जातो हे कळलं असतं तर वडिलांनी त्याला उभं केलं नसतं, म्हणून मी सांगितलं नाही. कोंडून ठेवावं, तर एवढ्या बाप्याला कोण कोंडणार, आणि किती अमावास्या?

त्याच सुमारास नावाड्याचा सिनेमा आला. खरं तर दुसराच यायचा होता, तो रेल्वेत कुठे अडकला. नावाड्याचा शेजारच्या शहरात दाखवून झाला होता, म्हणून तो मागवायचा का असा प्रश्न निघाला. आमचे चिटणीस नाक मुरडून म्हणाले, "बाई, आपली सोसायटी भुताटकीसाठी नाही." पण त्याचं इंग्रजी कथासार माझ्याकडे मराठी करायला आलं होतं आणि ते वाचून मी तो भावाला दाखवायचाच असं ठरवलं होतं. मी इतकी भांडले की शेवटी कंटाळून त्यांनी हो म्हटलं.

गोष्ट अशी. पहिल्या रिळात म्हातारा होत चाललेला एकटा नावाडी, आणि पैलतीरावरून रोज येणारी बाईची हाक. दुसऱ्या रिळात मागचे दिवस: त्याची बायको, त्यांचं स्वयंपाकघर, मासे तळणं, हसणं, आणि ती बुडाली त्या दिवसाची सकाळ. तिसऱ्या रिळात तो हाकेला ओ देऊन पलीकडे जातो, तिला नावेत घेतो, आणि नाव मधोमध बुडते. शेवटी उरतं नुसतं पाणी. भावाने हे पाहावं, त्याला भीती वाटावी, अशी भीती वाटावी की त्याने पुन्हा पाण्याकडे पाहू नये, एवढंच मला हवं होतं. खेळ शनिवारी संध्याकाळी होता आणि अमावास्या रविवारी.

गणपती करायला गेले आणि मारुती झाला, असं म्हणतात. आमच्या घरात दोघांनाही जागा नव्हती, तरी माझं तेच झालं.

आधीच्या शहरात रिळं परत भरताना कोणीतरी दुसरं तिसऱ्याच्या डब्यात घातलं होतं. रिळाचा आकडा लिहिलेल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्ट्या तुटून गेलेल्या, भाषा कोणाला कळत नव्हती. पहिलं रीळ संपलं, आणि पुढच्या रिळात नावाडी एकदम पैलतीरी निघाला. मला क्षणभर कळलंच नाही. नाव बुडाली, पाणी पसरलं. आणि मग तिसरं म्हणून दुसरं रीळ लागलं! त्या काळ्या पाण्यानंतर लगेच उजेडाचं स्वयंपाकघर. बायको मासे तळते आहे, नवरा जाळं विणतो आहे, दोघं हसताहेत. ती हसत हसत नावेत पाय ठेवते, तिथे रीळ संपलं आणि दिवे लागले.

बुडला आणि ती भेटली. माझ्या भावाला सिनेमाने हेच सांगितलं होतं. तो खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याचे डोळे वाहत होते.

"उलटं लागलं!" मी उभी राहून ओरडले. "शेवटचं रीळ आधी लागलं! परत लावा!"

चहाचे कप वाटले जात होते. आमच्याकडे सिनेमानंतर चर्चा व्हायचीच, मग सिनेमा कळो वा न कळो. एक गृहस्थ उठले आणि मृत्यूच्या पलीकडच्या सहजीवनावर बोलू लागले. माना डोलू लागल्या. मी कथासार वाचून दाखवायला लागले, तर दुसरे म्हणाले की दिग्दर्शकाने मुद्दामच काळाची उलटापालट केली आहे, आपण थोडं मोकळ्या मनाने पाहावं. मोकळ्या मनाने! मी चिटणीसांना हात जोडले. फक्त ते एक रीळ लावा, माझ्या भावासाठी लावा. ते म्हणाले, "बाई, प्रोजेक्टरचा दिवा तापला आहे. आणि उद्या दुपारच्या गाडीने पार्सल जायचं आहे."

भाऊ हॉलमधून निघून गेला होता. मला दुसरं काही सुचलं नाही. सगळे सहजीवनात बुडालेले असताना मी टेबलावरून शेवटाच्या रिळाचा डबा उचलला, पदराखाली धरला आणि बाहेर पडले.

रविवारी सकाळी भाऊ आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघायच्या तयारीत होता. एसटी बाराची. मी डबा उघडला आणि रीळ खिडकीत उलगडलं. चित्रं नखाएवढी होती. वडील पेपर वाचायला भिंग वापरायचे, ते मी मागितलं.

"काय पाहून राह्यली वं?" म्हणत वडील भिंगासकट आत आले.

आता लपवण्यात काय अर्थ होता! मी सगळं सांगून टाकलं: भगत, नदी, अमावास्या. सांगताना मला रडू आवरेना. वडिलांनी भिंग भावाच्या हातात दिलं आणि खाटेवर बसले.

"शेवट पाहा बाबू," मी भावाला म्हटलं. "एकेक चित्र पाहा. मग जा."

त्याने पट्टी उजेडासमोर धरली आणि बोटाबोटाने सरकवत पाहू लागला. पैलतीर आला, नाव आली. बराच वेळ तो एकाच चित्रावर थांबला. हॉलमध्ये ते भरकन निघून गेलं होतं. किनाऱ्यावरून घेतलेलं ते चित्र होतं. नावाडी समोरच्या फळीकडे पाहून बोलतो आहे, हसतो आहे.

"फळी रिकामी आहे," भाऊ म्हणाला. "नावेत एकटाच आहे हा."

"हो रे राजा."

मला वाटलं, जिंकले. पण त्याने भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने पाहिलं की ती नजर मी अजून विसरले नाही.

"पण मले हाक ऐकू येते ना ताई. काय करू मी? खरंच ऐकू येते."

यापुढे माझा सिनेमा नव्हता. जगातला कुठलाच सिनेमा नव्हता. मी भिंतीला टेकून बसले. फाटकाबाहेर भाजीवाल्याचा पुकारा चालला होता.

"मलेबी येत होती," वडील म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुह्या मायची. मोरीत भांडे घासत राहे. मंग मले हाक मारे."

"बाबा, तुम्ही तं म्हणता भूत नसते," भाऊ म्हणाला.

"नसतेच. म्हणून कोणाले सांगतलं नाई." वडील जमिनीकडे पाहत होते. "वर्षभर मारे हाका."

"मंग तुम्ही गेले नाई?"

"कसा जाऊ गा? तुम्ही दोघं पोरं माह्या दोन्ही बाजूनं, अंगावर हात टाकून झोपून राह्यचे. उठलो असतो तं तुम्ही जागे झाले असते."

भावाच्या तोंडून असा आवाज निघाला की मी दचकले. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदा मोठ्याने रडत होता. वडील खाटेवरून उठले नाहीत. नुसते थोडे सरकले आणि शेजारी जागा केली. भाऊ तिथे जाऊन बसला.

बाराची एसटी गेली असावी. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. रीळ दुपारच्या गाडीच्या आत पोचवायचं होतं, म्हणून मी ते गुंडाळायला बसले, पण एकटीने ते नीट गुंडाळता येईना, पीळ पडत होता. मग भाऊ खाटेवरूनच म्हणाला, "आण इकडं," आणि दुसरं टोक त्याने धरलं.