बेडूकरावांचे तीन नियम

आमच्या समोरच्या घरातले बेडूकराव पोरांना बडवतात, अशी वार्ता मजल्यावर पसरली होती. साफ खोटी! सकाळी शिट्टी वाजते आणि मागोमाग किंकाळी येते, एवढंच खरं. किंकाळी ही एकुलत्या एका बाथरूममधून वेळेत बाहेर काढल्याची. बेडूकराव एकोणीस वर्षं पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहेत. गळ्यात शिट्टी कायमची. हात उगारणं त्यांच्याच्याने होत नाही. बुडणाऱ्याला केसांना धरून ओढलं, तरी नंतर 'सॉरी' म्हणतात.

शाळेला सुट्टी लागली आणि बायकोला हॉस्पिटलात दिवसपाळी. ती म्हणाली, "आठवड्यात घर ताळ्यावर आलं नाही, तर अक्काला राहायला बोलावते." अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. गेल्या खेपेला चार दिवसांसाठी आली, चार महिने राहिली आणि बेडूकराव स्वयंपाकघरात झोपले.

घाबरून त्यांनी बावीस नियम लिहून भिंतीला चिकटवले. मी आठव्यापर्यंत वाचले आणि खुर्ची मागितली. पोरांनी त्या कागदाचं विमान केलं.

"बाबा, तुमच्या तलावावर तर तीनच आहेत," नऊ वर्षांची लेक म्हणाली.

मग तीनच ठरले. चपला दाराबाहेर, जेवताना फोन नाही, मारामारी नाही. मोडला की तलावासारखंच, दाराबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं. "नियम सगळ्यांना!" असंही सवयीने बोलून गेले आणि फसले. तलावावर सगळे म्हणजे पाण्यातले. काठावर उभ्या माणसाला कोण धरतो?

सातव्या दिवशी अक्का पाहणीला येणार होती. नेमका त्याच दुपारी जेवताना बेडूकरावांनी फोन उचलला. धाकट्याने त्यांच्याच गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि फुंकली.

"बाबा, बाहेर!"

"अरे, मावशी येतेय तुझी!"

"वाद घातला की पाच जास्त," लेक म्हणाली. तेही तलावाचंच.

बेडूकराव गपगुमान बाकावर. मी दार किलकिलं करून बघत होते, खोटं कशाला बोलू?

अक्का जिना चढून आली. "हे काय? पोरांनी घराबाहेर काढलं? थांबा, बॅग खालीच ठेवलीय, आजच राहते!" तणतणत चपलांसकट आत शिरली. आतून शिट्टी. अक्का तांबडीलाल होऊन बाहेर आली, मागे दोन्ही पोरं दारात उभी.

बेडूकराव बाकावर जरा सरकले.

"बसा अक्का. माझी सहा मिनिटं उरलीत, तुमची दहा. राहायलाच आला असाल, तर ही जागा रोजची तुमचीच."