रिबेकाबाईंचं ताट

शेजारी डुकराचं मटण शिजतंय. त्या वासासरशी एकोणीसशे साठच्या आसपासचा डहाणूतला नाताळ आठवला.

रिबेकाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. जन्माने यहुदी, म्हणजे डुकराचं मांस निषिद्ध असलेल्या; नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या. पंगतीत माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांनी, त्यांच्या ताटात मुद्दाम डुकराचा तुकडा वाढला.

“साहेब, येशूला मानते मी. पण एवढं नको.”

“मानता, तर मग विटाळ कसला? खा, बाई.”

सगळे हात थांबवून बघत होते. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि चिकूच्या झाडामागे जाऊन त्या ओकल्या. आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

रविवारी चर्चमध्ये वडिलांनी प्रवचनात सांगितलं, ख्रिस्तात यहुदी आणि परके यांच्यातली भिंत पडली आहे. रिबेकाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी हळूच ‘आमेन’ म्हटलं.

येशूही यहुदीच; त्यानेही जन्मात ते मांस तोंडाला लावलं नव्हतं. त्या देवळात हे आठवणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात.