दोर अर्धा, गोष्ट अर्धी

"ओळखपत्र?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहेबानं मान वर न करता विचारलं. मी आधार कार्ड पुढं केलं.

"हे नाही. विद्यार्थी की प्राध्यापक?"

"पोरगा," मी म्हणालो. "तुमच्या संगणकात माझी माय हाय. तिचा आवाज."

मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. "टकलं पोरगं!" मीही हसलो. आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं कमी लागतं, ही माझी जुनी युक्ती.

आम्ही शिरड शहापूरचे मांग. दोर वळणारे. माय दोर वळताना गोष्ट सांगायची, दुसरं टोक आमच्या हातात. पीळ पुरा झाला की गोष्ट तिथंच तुटायची. उरलेली पुढच्या दोराला. ह्याच साहेबानं आमच्या ओसरीवर बसून तिच्या गोष्टी टेप केल्या. भाकरी खाल्ली. तिला "आई" म्हणाला.

माय गेली. आता घरात गोष्टी मी सांगतो. निम्म्या आठवतात, निम्म्या ठोकून देतो. पण कोल्ह्यानं गिळलेल्या विहिरीपाशी नात मला पकडते. "आबा, विहीर बाहेर कशी निघाली?" मला शेवट येत नाही. शेवट संगणकात.

साहेबानं वर पाहिलं. ओळखलं. "अरे, तू!"

मायचं नाव टाकलं. काहीच निघालं नाही. मग स्वतःचं टाकलं. लगेच निघालं. त्याच्या नावाखाली माझी माय: माहितीदार क्रमांक चार.

"सापडली. पण हे संशोधकांसाठी आहे. तू ऐकून काय करणार? दोर वळ."

ह्या बारीला हसू आलं नाही.

परवा तोच साहेब गाडी घेऊन दारात. "आमचा संग्रह कोणी वापरत नाही हो. लोकांना काय पाहिजे ते विचारायला आलो. आणि जमलं तर एखादी नवी गोष्ट..."

तवाचं "तू" गेलं, आता "हो" आलं होतं त्याच्या तोंडात.

"बसा. हे धरा," म्हणून दोराचं टोक हातात दिलं. मायनं यंत्राला कधीच न सांगितलेली गोष्ट काढली. साहेब रंगला. पीळ पुरा झाला. मी थांबलो.

"मग पुढं?"

"ओळखपत्र?"

साहेबाचं तोंड उतरलं. मी म्हणालो, "मायचं नाव टाकलं की तिचा आवाज निघाला पाहिजे. माझ्या नातीला, घरबसल्या. लोकांना हे पाहिजे. घ्या लिहून."

"वर विचारावं लागेल."

"विचारा."

त्याच सांजेला घरोघर सांगून आलो. यंत्र घेऊन कोणी आलं की दोर धरायला लावा, गोष्ट अर्ध्यात तोडा. मायचा आवाज घरी परत येत नाही तोवर एकही शेवट विद्यापीठात जाणार नाही. माझी नात शेवटावाचून तळमळते. साहेबानंही तळमळावं. आमच्या गोष्टी आमच्यासंगं मेल्या तरी चालतील.