खिळ्यांचा पट्टा

शहर सोडून शेतावर आल्यापासून माझी संध्याकाळ सावकाश उतरते. ओट्यावर चहा, पायाशी वाघ्या आणि चंपी ही दोन कुत्री, समोर ऊस. दोघांच्या गळ्यात टोकं बाहेर काढलेल्या खिळ्यांचे पट्टे. "बिबट्या आधी नरडंच धरतो," शेजारच्या ताराकाकूंनी बजावलं होतं. पण वाघ्याला मान टेकून झोपता येईना, म्हणून मी त्याचा पट्टा सोडला.

उजेड असतानाच उसातून ते पिवळं धूड आलं. कडकन मान मोडली. वाघ्याला ओरडताही आलं नाही. रक्ताची रेघ उसापर्यंत ओढली गेली.

"दया आली ना?" ताराकाकू एवढंच म्हणाल्या.

इथला निवांतपणा उसात दबा धरून बसलेल्याचाही असतो. आता चंपी माझ्या पावलावर मान टाकून झोपते. तिच्या पट्ट्याचे खिळे रुततात. मी पाय हलवत नाही.